उघाडीवरचा पिवळा दिवा

स्नेहल घरतला भीती वाटते, असं रोडपालीत सांगितलं तर लोक हसतील. कळंबोलीच्या स्टील मार्केटमधल्या लांबलचक ट्रेलरांच्या मधून स्कूटर काढणारी पोरगी ती. अंगणात साप निघाला की शेजारचे बाप्ये काठी शोधत फिरतात, तोवर हिनं त्याच्यावर बादली पालथी घातलेली असते. पण तिचं जे काम आहे ना, ते भीतीचंच आहे. ज्याला भ्यायला येत नाही त्यानं या कामाला हात लावू नये, असं ती स्वतःच म्हणायची. म्हणायची आणि हसायची. यंदाच्या नारळी पौर्णिमेपासून मात्र ते वाक्य बोलताना तिला हसू येत नाही.

काम काय, ते घरात कुणालाच धड माहीत नव्हतं. वडील, शिवा घरत, विचारणाऱ्याला "कम्प्युटरचं" एवढंच सांगायचे आणि लगेच चहा विचारायचे, म्हणजे पुढचा प्रश्न येणार नाही. आई मनिषा सांगायची, "लोखंडी डबे करते." तसं बघायला गेलं तर आईचंच जास्त बरोबर होतं. खारघरला अठरा माणसांची एक छोटी कंपनी आहे. तिथे पंपांना आणि उघाड्यांना हुकूम देणारे डबे बनतात.

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं दार. भरती आली की दार खाली टाकायचं, ओहोटीला वर ओढायचं. आतलं पाणी निघून जातं, खारं पाणी आत येत नाही. पूर्वी बांधाच्या आत भात पिकायचं, तेव्हा उघाडीला लाकडाच्या फळ्या असायच्या. आता भाताच्या जागी सात-सात मजले उभे राहिले, पण मजले चढले म्हणून जमीन काही चढत नाही. ती होती तिथेच आहे, भरतीच्या पाण्याच्या खाली. म्हणून उघाडीही राहिली. फक्त दार लोखंडाचं झालं, अडीच टनांचं. वर मोटर बसली आणि मोटरीला सांगायला डबा आला.

त्या डब्याच्या आत एक कम्प्युटर, आणि त्या कम्प्युटरच्या आत त्याचा गाभा. त्याला ते लोक कर्नल म्हणतात. वरवर दिसणारं सगळं पानं-फुलं. कुणी कधी काय करायचं ते गाभा ठरवतो. स्नेहलचं काम त्या गाभ्यात.

जुन्या डब्यात एकच डोकं होतं. एका वेळी एकच काम करायचं, पण नेमकं करायचं. दोन वर्षांपूर्वी बाजारात ते डोकं मिळेनासं झालं आणि कंपनीचे मालक भावेश सर चार डोक्यांचं आणून बसवायला निघाले. चार डोकी म्हणजे चौपट काम, असं त्यांचं साधं गणित. चार सुना घरात आल्या म्हणजे चौपट काम होतं का, हे त्यांनी त्यांच्या आईला विचारलं असतं तर बरं झालं असतं.

होतं असं की, डब्यात एक यादी असते. वाण्याची यादी असते ना, तशीच. तीवर खुणा असतात: खाडीचं पाणी चढलं, तळं भरलं, माणूस खाली उतरलाय. ज्या डोक्याला खूण करायची ते जुनी यादी उतरवून घेतं, तीत आपली खूण टाकतं आणि नवी यादी जागेवर ठेवतं. आता समजा थोरल्या सुनेनं यादी उतरवायला घेतली. ती तेल लिहिते आहे, तेवढ्यात धाकटीनंही तीच जुनी यादी उतरवली, साखर लिहिली आणि ठेवून दिली. मग थोरली येते आणि आपली यादी तिच्यावर ठेवते. साखर गेली. कुणी पुसली नाही, कुणी खोटं बोललं नाही, दोघींनी आपापलं काम चोख केलं, आणि सकाळी चहा बिनसाखरेचा. एकच सून होती तेव्हा ती स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची की भागायचं. चौघीजणी आत असताना दार लोटून काय होणार?

अशा जागा शोधायच्या आणि तिथे कुलूप घालायचं. एकीच्या हातात यादी असेपर्यंत दुसरीनं थांबायचं. सांगायला सोपं आहे. पण कुलूप चुकीच्या जागी पडलं तर किल्ली हातात घेऊन बसलेली एकजण दुसरीची वाट बघते, दुसरी हिची, आणि चूल कायमची थंड. स्नेहलनं जुन्या गाभ्यातल्या तेवीस जागा शोधल्या आणि तेवीस कुलपं घातली. रोज ऑफिसात शिरताना ती स्वतःला एकच विचारायची, चोविसावी कुठे आहे?

मे महिन्यात चोविसावी दिसली. म्हणजे, दिसली असं वाटलं. ऑफिसच्या टेबलावर खेळण्याएवढं दार लावून तपासणी चालायची. त्यात एकदा, बारा दिवसांत एकदाच, थांबायला सांगितलेलं दार थांबलं नाही. स्नेहलनं काय केलं, त्या जागेच्या आसपास नोंद करणारी एक ओळ घातली. अमुक डोकं आलं, तमुक गेलं, एवढं लिहून ठेवणारी. आणि वाट बघत बसली. आठ दिवस, दिवसरात्र, दार शहाण्यासारखं वागलं. त्या आठ दिवसांत तिला शेजारीच दुसरी एक बारीक चूक सापडली, ती तिनं सुधारली आणि तिला वाटलं, हीच ती. मग नोंदीची ओळ काढून टाकली. डबा देताना असल्या ओळी काढून, झाडून-पुसून द्यायची त्यांच्यात रीत आहे. डबे गेले. अकरा उघाड्यांवर अकरा.

पहिला लागला तो रोडपालीच्या उघाडीवर. तिथे कामाला होते काशिराम, शिवाचे चुलतभाऊ. एकसष्ट वर्षांचे, कंत्राटावर. काशिरामकाकांनी डब्याला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगितलं, "आमच्या पोरीचा डबा हाय." गावदेवीच्या देवळात तिचा शाल-नारळही झाला. स्नेहलचा फोटो अजून काकांच्या मोबाइलवर पहिला येतो, मग त्यांच्या नातवाचा.

काकांचं एक काम मात्र डब्याला जमण्यासारखं नव्हतं. ओहोटीला दार वर असताना खाली, उंबऱ्यावर उतरायचं आणि दाराच्या खाचेत अडकलेला कचरा काढायचा. खाचेत एक चप्पल जरी राहिली तरी भरतीला दार बसत नाही आणि खाडी तळमजल्यांत शिरते. वर अडीच टन लोखंड लोंबतंय आणि खाली माणूस वाकून बसलाय. इतकी वर्षं काका उतरायच्या आधी मेन खटका ओढायचे. वीज गेली की ब्रेक आपोआप आवळतो, दार असेल तिथे राहतं. नव्या डब्याला ते चालेना. खटका ओढला की डबा पुन्हा जागा व्हायला सात मिनिटं घ्यायचा आणि तेवढ्यात वरच्या ऑफिसातून सुपरवायझरचा फोन, "डबा का बंद केलात?" हे ओळखून स्नेहलनंच डब्यावर आधीपासून एक बटण बसवून घेतलं होतं. ती स्वतः काकांना दाखवायला आली होती. "काका, आता खटका ओढायचा नाही. हे बटण दाबायचं. पिवळा दिवा लागला की दार अडवलं गेलं असं समजायचं. वर आलात की पुन्हा दाबायचं, दिवा विझेल."

"दिवा लागला म्हंजे उतरायचं?"

"बिनधास्त."

हा शब्द तिनं वापरला होता. पुढे तो तिला फार दिवस ऐकू येत राहिला.

नारळी पौर्णिमेला सुट्टी होती. दुपारी अडीचच्या सुमाराला काका नारळीभात खायला आले. साडेबाराचं उधाण उतरायला लागलं होतं, दुसऱ्या माणसाला बसवून आले होते. खरपूस वासाची वाटी पुढे घेत ते म्हणाले, "मनिषा, गूळ काटून घातलास क काय? पाव्हन्यांना असा वाडतान?"

"भावोजी, साखर वाढलीय ना तुमची, म्हून बेतानं," आई म्हणाली.

"साखर रगतान हाय, भातान नको?" असं म्हणून त्यांनीच गुळाचा खडा उचलला. मग स्नेहलकडे वळून, अगदी सहज, जसं कुणी शेजाऱ्याच्या गायीची खोडी सांगावी तसं म्हणाले, "काय गो, तुजा डबा परवाचे दिशी मस्करी करीत व्हता."

"म्हणजे?"

"बटन दाबला. दिवा लागला. मी उतराय गेलो त कोयता वरच ऱ्हायलेला. म्हून परत फिरलो. पायतो त काय, दिवा पिवळा, न दार आपला खाली येतंय! हलू हलू. पुरा खाली आला." काकांनी हातानं दाखवलं. "त्या गिअरान काय लोचा असल. मेकॅनिकला बोलवू?"

स्नेहलच्या हातातला घास हातातच राहिला.   कोयता विसरला. कोयता विसरला म्हणून.

"तू दिवा केलास ना, मंग मी कशाला भ्यायचा?" काका म्हणाले आणि पुन्हा भाताला लागले.

इथे तिनं बोलायला हवं होतं. काका, उतरू नका, दिवा खोटा असू शकतो. सात शब्दांचं काम. पण समोर काका बसले होते, ज्यांनी डब्याला नारळ फोडला. बाजूला आई होती, भिंतीवर ती शाल घडी करून काचेत लावलेली होती. आणि तिला अजून खात्री नव्हती, असं तिनं स्वतःला सांगितलं. गिअरमध्येही असू शकतं की. आधी बघू, मग सांगू.

"मी बघते काका," ती म्हणाली. "मेकॅनिक नको."

"बग. मी निगतो. आज जरा येरवालीच उतरून घेतो, सांजचं मोऱ्याला भयनीकडं जायाचा हाय, नारळ टाकाय."

तिनं हे ऐकलं. ऐकलं, पण डोक्यात नोंदलं नाही, कारण डोकं तोवर मे महिन्यात जाऊन पोहोचलं होतं.

दार लावून घेऊन तिनं लॅपटॉप उघडला. सगळ्यात आधी एकच गोष्ट बघितली: आठ दिवस तपासला तो गाभा कोणता, आणि डब्यात घालून पाठवला तो कोणता. तपासला त्यात नोंदीची ओळ होती. पाठवला त्यात नव्हती. एवढाच फरक. एका ओळीचा.

तिनं डोळे मिटून घेतले. कारण आता तिला कळलं होतं की त्या आठ दिवसांत काय झालं. स्वयंपाकघरात पाहुणी येऊन बसली की चारी सुना कशा वागतात? एकीचं झालं की दुसरी. आधी तुम्ही घ्या, मग मी. ती नोंदीची ओळ म्हणजे ती पाहुणी होती. लिहायला तिला इवलासा वेळ लागायचा आणि तेवढ्या वेळात डोकी एकमेकांसाठी थांबायची. चूक गेली नव्हती, पाहुणीसमोर गप्प बसली होती. आणि स्नेहलनं पाहुणीला निरोप देऊन घर तसंच्या तसं अकरा ठिकाणी पाठवलं होतं.

मग ती ओळीमागून ओळ वाचायला लागली. हे वाचणं म्हणजे साधं वाचणं नाही. प्रत्येक ओळीला थांबून विचारायचं, आत्ता, या क्षणाला, दुसरं डोकं कुठे असेल? आणि तिसरं? असं विचारत गेलं की अर्ध्या पानाला तास लागतो. घड्याळाकडे तिचं लक्ष होतं. ओहोटीचा तळ साडेसहाला, म्हणजे काका सहाला उतरतील, असा हिशेब मनात होता.

पाच वाजून दहा मिनिटांनी ती जागा सापडली. खाडीत पाण्याची उंची सांगणारा एक तरंगता गोळा असतो; त्याच्याकडून निरोप येतो, पाणी हललं. एक डोकं यादी उतरवून घेतं. नेमक्या त्याच वेळी कुणी बटण दाबलं तर दुसरं डोकं यादीत "माणूस खाली" लिहितं आणि दिवा लावतं. मग पहिलं आपली यादी वर ठेवतं. "माणूस खाली" गेलं. दिवा मात्र लागलेलाच, कारण दिव्याला कुणी विझ म्हणून सांगितलंच नाही. त्यानंतर पाणी पुरतं चढलं, किंवा एखाद्या लाटेनं गोळा तेवढा उचलला, की डबा यादी बघतो, खाली कुणी नाही, आणि दार सोडतो. एरवी हा योग लाखात एकदा यायचा. पण उधाणाच्या दिवसांत खाडीचं पाणी सारखं हेलकावे खातं, गोळा सारखा नाचतो, आणि निरोपांचा पाऊस पडतो.

आणि मग तिला ते आठवलं. येरवालीच. लवकर. मोऱ्याला जायचंय.

फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला, चारदा लावला. काका उतरताना शर्ट काढून खुंटीला लावतात आणि फोन शर्टाच्या खिशात असतो, हे तिला माहीत होतं. फोन उचलत नाहीत याचा अर्थ एकच होता.

"कुठं निघालीस गो, कपडे तरी..." आई दारात म्हणाली. स्नेहलनं ऐकलं नाही.

स्टील मार्केटच्या वळणावर दोन ट्रेलर समोरासमोर अडकले होते आणि दोघे ड्रायव्हर खाली उतरून कुणी मागं घ्यायचं यावर भांडत होते. तिनं स्कूटर गटाराच्या कडेनं काढली, आरसा ट्रेलरला लागून मुडपला.  मनात एकच मोजणी चालली होती. अकरा आठवडे, दिवसाला दोन ओहोट्या, रात्रीची दुसऱ्या माणसाकडे, म्हणजे सत्त्याहत्तर वेळा काका तिच्या शब्दावर त्या दाराखाली वाकून बसले होते.

उघाडीवरच्या पंपघराचं फाटक उघडंच होतं. बदलीचा माणूस चहाला गेला असावा. केबिनमध्ये खुंटीला चौकड्यांचा शर्ट, आणि शर्टाच्या खिशात फोन चमकत होता, "स्नेहल, ४ मिस्ड कॉल." डब्यावर दिवा पिवळा. स्थिर, शांत, तिनं स्वतः निवडलेला पिवळा रंग.

तिनं कठड्यावरून खाली पाहिलं. दार वर टांगलेलं होतं, त्याच्या खालच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं, आणि बरोबर त्या ठिबकण्याखाली काकांची उघडी पाठ. ते कोयत्यानं खाचेतली गोणी कापत होते. तिनं हाक मारली. शेजारी पंप धडधडत होता. तिची हाक तिच्याच कानापर्यंत आली नाही.

आता काय? बटण हाताशी होतं. ते दाबावं? बटण असं होतं की एकदा दाबलं की "खाली", पुन्हा दाबलं की "वर". यादीतली खूण गेली असेल तर दाबल्यानं परत येईल, काका वाचतील. पण खूण जागेवर असेल तर दाबल्यानं जाईल, आणि तिच्याच बोटानं जाईल. दोन्हींतलं खरं काय, हे त्या दिव्याकडे बघून कळायला काही मार्ग नव्हता. दिवा दोन्ही वेळा पिवळाच. हे तिनंच असं केलं होतं. बोट बटणापाशी गेलं आणि तिनं ते मागं घेतलं.

लॅपटॉप जोडून आत बघता आलं असतं. लॅपटॉप घरी बिछान्यावर होता.

खाडीच्या तोंडाशी एक मचवा वळला. लाटांची एक लांब, सावकाश रेघ बांधाकडे निघाली. तरंगता गोळा दांड्यावर वर सरकायला लागला.

तिनं खटका धरला. अडीच महिन्यांत कुणी न ओढल्यामुळे तो गच्च बसला होता. एका हातानं हलेना. दोन्ही हातांनी धरून ती त्याला अक्षरशः लोंबकळली. खाट्‌ असा आवाज झाला. पिवळा दिवा गेला, पंप गेला, आणि एकदम इतकी शांतता झाली की ठिबकणारं पाणी ऐकू आलं.

"कोन हाय रं तिकरं?" खालून आवाज आला. "कोनी वडला खटका?"

"काका, वर या! आधी वर या!"

काका वर आले ते चिखलानं भरलेले आणि चिडलेले. तिला बघून चिडणं ओसरलं. ती घरच्याच कपड्यांत केबिनच्या पायरीवर बसली होती.

"काय झाला? शिवाला काय झाला?"

"बाबा बरे आहेत. काका, दिवा खोटा आहे. म्हणजे कधी खरा, कधी खोटा. गिअरमध्ये काही नाही. माझी चूक आहे, माझ्या कामातली." तिनं सगळं सांगितलं. उलटसुलट, तुटक. काकांना त्यातलं कळलं ते एवढंच की परवा कोयता विसरला नसता तर आज नारळीभात खायला ते नसते.

ते केबिनमध्ये गेले. तांब्याभर पाणी प्यायले. मग म्हणाले, "हे तुला कवा कललं?"

"आत्ता. पाच वाजता."

"नाय. वास कवा आला?"

स्नेहलनं मान खाली घातली. "जेवताना."

"मंग जेवताना का नाय बोललीस?"

"लाज वाटली."

काकांनी शर्ट खुंटीवरून काढला, पण घातला नाही, हातातच धरून ठेवला. "लाजंपायी मना खाली सोडलास," ते म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. थोड्या वेळानं त्यांनाच तिची दया आली असावी. "तुजी काकी मना आदीच बोलते, तुमचा डोक्या जाग्यावर नस्तो, कोयता इसरता, चश्मा इसरता. आता तिला सांगतो, इसरलो म्हून जगलो. पन तू नको सांगू. तिचा बीपी हाय."

तिनं तिथूनच भावेश सरांना फोन केला. सर मुलुंडला बहिणीकडे राखी बांधून घेत होते.

"अरे स्नेहल, प्रूफ काय? डब्यातली मेमरी बघितलीस?"

"खटका ओढला सर. सगळं पुसलं गेलं."

"म्हणजे त्या वेळी खूण गेली होती की नव्हती, आपल्याला माहीत नाही."

"नाही. आणि कधीच कळणार नाही."

तिकडे ताट-वाट्या वाजत होत्या. त्यांनी म्हटलं असतं की सोमवारी बघू, तर काय केलं असतं, याचा विचार तिनं करून ठेवला होता: दहाही ठिकाणचे नंबर तिच्याकडे होते. पण भावेश सर गणितात साधे असले तरी माणूस वाईट नाहीत. "दहा जागी मी लावतो फोन," ते म्हणाले. "काय सांगू त्यांना?"

"खटका ओढल्याशिवाय कुणी उतरायचं नाही. दिवा काहीही सांगो."

सोमवारी तिनं आणि प्राचीनं, तिच्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं, सगळ्यांसमोर ते करून दाखवलं. टेबलावर एक कागद, ती यादी. प्राची एक डोकं, स्नेहल दुसरं. प्राचीनं कागद उतरवून घेतला, स्नेहलनं उतरवून घेतला, "माणूस खाली" लिहिलं, ठेवला. प्राचीनं आपला कागद वर ठेवला.  भावेश सरांनी खालचा कागद ओढून बघितला, पुन्हा वरचा बघितला.

कुलूप घालायला अर्धा दिवसही लागला नाही. पण घालतानाही ती एकदा चुकलीच. कुलूप धरून बसलेल्या डोक्यालाच मध्ये गोळ्याचा निरोप आला आणि तो घ्यायला पुन्हा तेच कुलूप हवं असलं तर? डबा कायमचा गप्प. ते प्राचीनं पकडलं. कुलूप हातात आहे तोवर त्या डोक्यानं बाहेरचा निरोपही घ्यायचा नाही, असं केलं. मग तपासणी, या वेळी पाहुणीशिवाय. ऑफिसात खेळण्यातली सहा दारं लावली, गोळे मुद्दाम नाचवले, बटणं यंत्रानं दाबली, एका दिवसात लाख वेळा. तीन आठवडे. काही झालं नाही.

काही झालं नाही, हेच तर मे महिन्यातही म्हटलं होतं. म्हणून तिनं आणखी एक केलं. नव्या कुलपासकट जुन्या गाभ्यातलं एकेक पान पहिल्यापासून वाचायला घेतलं, पंचविसाव्या जागेसाठी. ते वाचन अजून चालू आहे. रात्री झोप लागत नाही तेव्हा तिला ती दहा माणसं दिसतात, ज्यांची नावंही तिला माहीत नाहीत, दहा ठिकाणी दहा दारांखाली वाकलेली.

भाद्रपदात रोडपालीच्या डब्यात नवा गाभा घालायला ती गेली. घालून झाला. बटण दाबलं, दिवा लागला. तिच्या मनात आलं, आपणच उतरावं. काकांच्या डोळ्यांदेखत उतरावं, दाखवावं. पाय पहिल्या पायरीकडे गेलासुद्धा. मग तिचं तिलाच कळलं की उतरून ती धडधाकट वर आली तर त्यानं काय सिद्ध होणार? काका सत्त्याहत्तर वेळा धडधाकट वर आलेच होते की. ती मागं फिरली.

काका तिच्याकडे बघत होते. "झाला ना बराबर?"

"माझ्या मते झालं."

"मंग उतरू, बटन दाबून?"

"नाही. खटका ओढा."

"सात मिन्टं जातील. वरचा सायेब बोंबलल."

"त्यांना मी सांगितलंय. लेखी दिलंय."

"म्हंजे तुजा तुज्या कामावर इस्वास नाय?"

"नाही, काका."

काकांना नवल वाटलं.  एवढं शिकून, शाल घेऊन, पोरगी असं म्हणते. मग त्यांनी खटका ओढला, शर्ट काढला आणि कोयता घेऊन उतरले.

स्नेहल कठड्याला धरून उभी राहिली. वीज नव्हती, ब्रेक आवळलेला होता, दार हलण्याचं काही कारण उरलं नव्हतं. तरी तिनं डोळे दारावरून काढले नाहीत. खालून काकांनी एक पिंप वर ढकललं, मग नायलॉनच्या जाळ्याचा गुंता.

"उभी काय ऱ्हायलीस भुतावानी? घे ना गो!"

तिनं वाकून तो गुंता घेतला. चिखलानं जड होता, हात मनगटापर्यंत भरले. तो बाजूला टाकून ती परत वाकली, पुढचं घ्यायला.